बिनबिडीची काहील

हंगामातली पहिली काहील करपली, तेव्हा सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. वाफ्यात ओतलेला पाक बघता बघता काळा पडत चालला होता, आणि भोवती उभी असलेली सात-आठ माणसं पाकाकडे न बघता माझ्या डाव्या पायाकडे बघत होती.

"केरबा, हे रं काय झालं?" मगदूम आण्णांनी विचारलं.

गुऱ्हाळ आण्णांचं, ऊस आण्णांचा, आणि मी त्यांचा गुळव्या. म्हणजे काहिलीत उसाचा रस शिजत असताना तिच्या कडेला उभं राहायचं, गूळ नेमका कधी झाला ते ओळखायचं आणि 'उतरवा!' म्हणून ओरडायचं. मग चार जण दांड्या घालून काहील उचलतात आणि शेजारच्या वाफ्यात ओततात. जरा आधी ओरडलं तर गूळ धरत नाही. जरा उशिरा ओरडलं तर करपतो. अठरा वर्षं मी हे काम करत होतो आणि भोगावतीच्या काठच्या दहा गावांत माझं नाव होतं. ते नाव त्या वाफ्यात माझ्या डोळ्यांदेखत काळं पडत होतं.

"जाळ जरा..." एवढं म्हणून मी जीभ चावली. जाळाला बोल लावायचा नाही, हे माझ्या बापानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गूळ बिघडला तर तो गुळव्यानं बिघडवला, खाली बसलेल्या माणसाला त्यात ओढायचं नाही. "माझी नजर चुकली, आण्णा."

"पहिल्याच काहिलीला?"

आमच्याकडे पहिल्या काहिलीचा गूळ आधी जोतिबाच्या फोटोपुढे ठेवतात आणि मग रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर देतात. कुणाला नाही म्हणायचं नाही. त्या दिवशीही दिला. शाळेत निघालेल्या मास्तरांनी खडा तोंडात टाकला, 'वा, छान' म्हणाले आणि वळणापर्यंत जाऊन थुंकले. मला दिसलं.

खालून गुंडूचा आवाज आला. "केरबा, काय झालं रं?"

"करपला."

"आं?"

"करपला म्हणतोय!"

गुंडू आमचा जळव्या. काहील असते वर, चुलवाणाच्या माथ्यावर, आणि चुलवाणाचं तोंड पलीकडच्या अंगाला खाली खड्ड्यात. तिथं बसून वाळलेली चिपाडं आत सारत राहायचं हे त्याचं काम. त्याला काहील दिसत नाही, मला जाळ दिसत नाही. मध्ये तीन पायऱ्या. अठरा वर्षं आम्ही एका गुऱ्हाळावर होतो आणि लोक म्हणायचे, ह्या दोघांना बोलावं लागत नाही, न बोलता काम होतंय ह्यांचं. आम्हाला त्याची मोठी घमेंड होती.

आता लोक माझ्या पायाकडे का बघत होते ते सांगतो. डाव्या पायाला अंगठा नव्हता. वैशाखात कोल्हापूरच्या एका दवाखान्यात तो काढून टाकला होता. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग नख काळं पडलं, मग चालताना पोटरी अशी धरायची की दर शंभर पावलांवर बसावं लागे. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, माझी पिवळी पडलेली बोटं बघितली आणि विचारलं, "बिडी?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बिडीनं पायातल्या शिरा बंद पडत चालल्यात. बिडी सुटली तर पाय राहील. नाही सुटली तर आज अंगठा काढतोय, उद्या पाऊल काढीन, परवा गुडघ्यापर्यंत येईन." असं म्हणून त्यांनी आपल्याच पायावर बोटानं रेघा मारून दाखवल्या.

"सोडली, डॉक्टर," मी म्हणालो.

"याआधी किती वेळा सोडलीत?"

"तीनदा."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. "मग चौथ्यांदा सोडा," म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

तीनदा सोडली हे खरंच होतं. पहिल्यांदा जोतिबाच्या पायरीवर हात ठेवून सोडली. दुसऱ्यांदा गणपतीबरोबर बिड्यांचा अख्खा कट्टा नदीत सोडला. तिसऱ्यांदा, पायाला मुंग्या यायला लागल्यावर, भीतीनं सोडली. तिन्ही वेळा हंगाम लागेपर्यंतचे दिवस सुखात गेले. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस राग बायकोवर आणि घरातल्या भांड्यांवर निघायचा, पण पुढं सुखात जायचे. आणि तिन्ही वेळा दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळ लागलं, काहील चढली आणि गूळ बिघडला. एक बिघडायची, दुसरी बिघडायची, तिसरीला मी हात टेकून बिडी तोंडात धरायचो आणि गूळ असा काही सोन्यासारखा उतरायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. तीनदा झाल्यावर काय म्हणायचं? सगळं गाव म्हणायचं तेच मीही म्हणायला लागलो. केरबाचं कसब बिडीत आहे.

आणि त्यात काही अगदीच वेडेपणा नव्हता. माझं घड्याळच ते होतं. रसावरची सगळी मळी काढून झाली की पहिली बिडी. फेस जाऊन पिवळे फुगे यायला लागले की दुसरी. 'गुंडू, विस्तू दे रं!' म्हणून हाक मारायची. काडी वाऱ्यात टिकत नसे, आणि एवढं चुलवाण धडाडत असताना काडी ओढणं मला माज वाटायचा. मग गुंडू पेटतं चिपाड घेऊन वर यायचा, माझी पेटवायचा, आपली पेटवायचा आणि वरच्या पायरीवर टेकायचा. दोघंही मुकाट ओढायचो. बिडी दोऱ्यापर्यंत आली की मी बोटभर पाक पाण्यात टाकून बघायचो, त्याची गोळी व्हायची, आणि मी ओरडायचो. अठरा वर्षांत हे चुकलं नव्हतं. चुकलं ते फक्त बिडी सोडलेल्या दिवसांत.

तर ही चौथी वेळ. अंगठा गेल्यापासून सहा महिने एकही बिडी ओढली नव्हती आणि पहिली काहील काळी ठिक्कर पडली होती.

दुसरी चढवली. आता मात्र मी डोळ्यांत तेल घालून उभा राहिलो. मळी काढली, उरलेली वर यावी म्हणून भेंडीचं पाणी घातलं, पुन्हा मळी काढली. आणि मग सगळंच विचित्र व्हायला लागलं. सहा महिन्यांत माझं नाक परत आलं होतं. रसाचा वास इतका दाट, इतका गोड येत होता की मला कळेना, हा वास नेहमीच येत होता आणि मला धुरातनं पोचत नव्हता, की आज काही वेगळं शिजतंय? फेस असा उसळत होता की तो बसवायला तेलाचे थेंब टाकून टाकून हात दुखला. फुगे आले म्हणेपर्यंत फुटत होते. हे असंच असायचं का? मला आठवेना. मी अठरा वर्षं गूळ बघत होतो की बिडी बघत होतो, हेच मला कळेना. हात सारखा कोपरीच्या खिशाकडे जायचा, रिकाम्या खिशात बोटं फिरवायचा आणि परत यायचा.

"गुंडू!" मी हाक मारली.

"काय रं?"

"वर ये की जरा. मला काय सुधरंना."

"वर ये म्हंजी? तुझ्याम्होरं ओढणार न्हाई म्हटलंय न्हवं मी?"

"मग न ओढता ये."

"आणि वर येऊन करू काय? पायरीवर बसलो की हात खिशात जातोय माझा. तू तिकडं बघ, मी हिकडं बघतो. हात गुतलेला बरा असतोय." आणि चिपाडं सारल्याचा आवाज आला.

हा गुंडूचा नेम होता. मी बिडी सोडली की तोही माझ्यासमोर ओढायची बंद करायचा. दर वेळी. दिवसभर खालीच बसायचा, गुऱ्हाळावरनं घरी जाताना बांधाआड जाऊन ओढायचा आणि तोंड धुऊन मग माझ्याबरोबर चालायचा. असा मित्र मिळणं सोपं नाही, हे मी तेव्हाही बोलून दाखवत असे.

वास आणखी दाटला. पहिली करपली होती, त्याची धास्ती मनात होतीच. मला वाटलं, झालं, आता क्षणभर थांबलो तर हीही जाईल. पाण्यात टाकून बघायलाही मी थांबलो नाही.

"उतरवा!"

उतरवली. वाफ्यात ओतली. दोघं जण लाकडी फावड्यांनी घोटत राहिले, घोटत राहिले, आणि पाक काही धरेना. शिऱ्यासारखा लिबलिबीत होऊन बसला. कुणीतरी म्हणालं, "काकवी म्हणून भाकरीसंगं खावा." दुसरा कुणी हसला. मग आण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं.

आण्णा वाईट माणूस नव्हे. दवाखान्यात मला बघायला दोनदा आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"केरबा, रागावू नगंस. पर ऊस तोडून पडलाय, वाळालाय. दगडू गुळव्याला सांगावा धाडलाय मी. सांजच्याला यील. तू औंदाच्या सालाला घरी बस, पायाचं बघ. फुडल्या हंगामाला मीच बोलवीन तुला."

"आण्णा, एक काहील द्या अजून."

"एक काय, सांजपतुर दोन हुतील. कर की." ते थोडे घुटमळले. मग खिशातनं बिडीचा कट्टा काढून त्यांनी चुलवाणाच्या काठावर ठेवला, काहिलीपासून हातभर अंतरावर. "मी काय म्हणत न्हाई. नुसतं ठेवतोय. सबंद हंगामाला नगं, पर गाडी रुळाला लागूस्तवर एखादी... एका बिडीनं काय हुतंय?"

ह्या 'एका बिडीनं काय होतंय' नंच माझं तीनदा वाटोळं झालं होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. एक ओढली की गूळ जमतो, गूळ जमला की दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि आठ दिवसांत दोन कट्टे. आणि आता पुढचा हिशेब डॉक्टरांनी पायावर रेघा मारून दाखवला होता. पण हेही ठाऊक होतं की दगडू एकदा त्या काहिलीपाशी उभा राहिला की मी परत तिथं उभा राहत नसतो. गुळाशिवाय मला दुसरं काय येत होतं? अंगठा नसलेल्या पायानं मी ऊस तोडणार होतो, की डोक्यावर मोळ्या वाहणार होतो?

दुपारी सगुणा, माझी बायको, भाकरी घेऊन आली. तिनं वाफ्याकडे बघितलं, माणसांच्या तोंडांकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. भाकरी सोडायच्या आधीच तिची नजर त्या कट्ट्यावर गेली.

"ह्यो कुणी ठेवला?"

"आण्णांनी."

"आण्णांचा अंगठा गेलाय व्हय?"

"हळू बोल की."

"हळूच बोलतोय मी." ती खाली बसली, भाकरीवर ठेचा वाढला, पाण्याचा तांब्या पुढे केला. "खावा."

मी दोन घास खाल्ले. उतरत नव्हते. मी म्हणालो, "सगुणा, तू सांग. काय करू?"

दवाखान्यात दीड महिना तिनं माझी जखम धुतली होती, वास यायचा तरी तोंड फिरवलं नव्हतं. मला वाटलं, ती आता शपथ घालील, रडेल, निदान कट्टा उचलून चुलवाणात टाकील. मला तेच हवं होतं बहुतेक. कुणीतरी दुसऱ्यानं ठरवायला हवं होतं.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "पाय तुमचा हाय, गूळ त्यांचा हाय. दोन्ही माझं न्हाई." आणि उठून लांब आंब्याखाली जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. मी ओढताना तिला बघायचं नव्हतं, आणि थांबवायचंही नव्हतं.

तिसरी काहील चढली.

मळी निघाली. रस उकळायला लागला. पुन्हा तोच दाट वास, पुन्हा तसाच उसळणारा फेस. मी नीट बघायचा प्रयत्न करत होतो आणि जितकं नीट बघावं तितकं कमी कळत होतं. पहिली उशिरा उतरवली, दुसरी लवकर. मग मधली वेळ कुठली? ती होती तरी का कुठं? मला तर एका क्षणी कच्चं दिसत होतं आणि डोळा लवेपर्यंत करपायला आल्यासारखं. अठरा वर्षं एक अख्खी बिडी ओढून होईपर्यंत जी वेळ मला सावकाश मिळत होती, ती कुठं गेली होती? घाण्याचं इंजिन धडधडत होतं आणि माझ्या कानांत त्याच्याहून जास्त धडधडत होतं. घाम डोळ्यांत गेला. तो घाम होता असंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पिवळे फुगे आले. दुसऱ्या बिडीची वेळ.

माझ्या हातानं कट्टा उचलला. मी उचलला असं म्हणत नाही, कारण मी ठरवल्याचं मला आठवत नाही. कागद फाडला, एक काढली, ओठांत धरली. पानाची ती तुरट चव जिभेला लागली आणि सगळं अंग सैल पडलं, न पेटवताच. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

"गुंडू, विस्तू दे रं!"

खालून नुसता चिपाडं सारल्याचा आवाज.

"गुंडू! विस्तू दे!"

चिपाडांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं गुंडू पेटतं चिपाड हातात घेऊन पायऱ्या चढून वर आला. माझ्या तोंडातली बिडी बघून तो तिथंच थांबला.

"कशाला पायजे विस्तू?"

"दिसत न्हाई व्हय तुला?"

"दिसतंय. न्हाई देत."

"गुंडू, वेळ न्हाई हाय. दे हिकडं."

"न्हाई देत म्हणतोय न्हवं!" त्यानं हात पाठीमागे नेला. माझ्याशी असा तो कधी बोलला नव्हता. "त्या दवाखान्यात तुला पाठंगुळी घिऊन दोन जिनं कोण चढलं? मी चढलो. फुडल्या टायमाला गुडघ्यापतुर कापल्यावर तू हलका हुशील, पर मी काय उचलायचो न्हाई, सांगून ठेवतो!"

"मग दगडू येऊन उभा ऱ्हाऊ दे हितं? आं? आणि मी काय करू? देवळाम्होरं बसू?"

"बस!"

"दे ते चिपाड!"

मी त्याचा हात धरला. त्यानं हिसडा मारला. दोन म्हातारे होत आलेले गडी, एक अंगठ्याचा आणि एक बिनअंगठ्याचा, उकळत्या काहिलीशेजारी झोंबायला लागलो. घाण्यावरची माणसं बघत राहिली. वाळलं चिपाड कितीसं टिकणार? गुंडूच्या बोटांना चटका बसला, त्यानं ते टाकलं, आणि ते विझलं.

"जा, दुसरं आण," मी म्हटलं.

"जात न्हाई. तू जा खाली आणि आण." असं म्हणून तो वरच्या पायरीवर बसला, हाताची घडी घालून. काहील सोडून मी जाऊ शकत नव्हतो हे त्याला ठाऊक होतं, आणि माझ्या पायानं त्या पायऱ्या लवकर उतरता येत नाहीत हेही.

मी त्याला एक घाण शिवी दिली. त्यानं ती ऐकून घेतली. मग मी, न पेटलेली बिडी तोंडात धरून, रागानं काहिलीकडे वळलो. आता हीही गेलीच, असंच मनात होतं.

आणि काहील शांत झाली होती.

फेसाचं उसळणं थांबलं होतं. मोठे, दाट, आळशी फुगे हळूहळू वर येत होते आणि सावकाश बसत होते. मी ओळखलं त्यांना. अठरा वर्षं मी हेच फुगे बघत आलो होतो. ते तसेच राहिले, मला नीट बघू देत. मी पाक पाण्यात टाकला. अजून नाही. थांबलो. पुन्हा टाकला. गोळी झाली, बोटांत टणक लागली. वाससुद्धा आता वेगळा येत होता, आणि तो कधीचा आहे ते मला कळत होतं.

"उतरवा!"

वाफ्यात पाक पडला आणि घोटता घोटता धरायला लागला. पिवळाधमक. घोटणारा गडी ओरडला, "आलाऽ!" माणसं धावत आली. बादल्या भरल्या, गुळाच्या ढेपा पडल्या. आण्णांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय म्हणत हुतो मी? एक बिडी, आणि बघ!"

मी तोंडातली बिडी काढून त्यांच्यापुढे धरली. एका टोकाला भिजून लगदा झाला होता. दुसरं टोक जसंच्या तसं होतं.

"पेटीवली न्हाईस?"

"न्हाई."

"मग जमलं कसं?"

"ठावं न्हाई, आण्णा."

खरंच ठाऊक नव्हतं. सगुणा आंब्याखालून उठून आली होती. तिनं माझ्या हातातनं बिडी घेतली, दोन्ही टोकं उलटसुलट करून बघितली, आणि परत माझ्या हातात ठेवली. आण्णा देवाचं नाव घेत जोतिबाच्या फोटोकडे गेले. प्रत्येकाला काही ना काही कारण सापडलं. मला एकही पटेना. बिडी तोंडात होती, पण पेटली नव्हती. मग घड्याळ कुणी चालवलं?

मी पायरीवर गुंडूशेजारी बसलो. तो बोटाला फुंकर घालत होता.

"गुंडू, आत्ता जाळ तू कमी केलास?"

"मी? मी तर वर हुतो. तुझ्या शिव्या खात हुतो."

"मग खाली कोण हुतं?"

"खाली कोण असणार? कोण न्हाई."

"चिपाडं कोण सारत हुतं?"

"म्हटलं न्हवं, कोण न्हाई."

तो फुंकर घालायचा थांबला. दोघंही वरून चुलवाणाच्या तोंडाकडे बघायला लागलो. तिथं जाळ बसला होता, नुसते निखारे लाल होऊन पडले होते.

"दुसऱ्या बिडीला तू वर यायचास," मी म्हटलं.

"व्हय."

"बिडी सरूस्तवर बसायचास."

"व्हय. तवर खाली कोण नसायचं." तो अडखळला. "आणि तू सोडलीस की..."

"की तू वर यायचं बंद केलंस."

"तुझ्याम्होरं नगं म्हणून." त्याचा आवाज बारीक झाला. "आणि तलफ यायची, म्हणून मी हात गुतवून बसायचो. सारत बसायचो. नेहमीपरास जादाच. केरबा, तिन्ही वर्सं?"

गुंडूनं माझ्या डाव्या पायाकडे बघितलं, आणि मग जाणूनबुजून दुसरीकडे बघायला लागला. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"तुझी काय चूक?" मी म्हटलं. "जाळ कमी कर म्हणाया मला तोंड नव्हतं व्हय? अठरा वर्सं मला वाटलं, तुझं तुला कळतंय. तुला वाटलं, मला कळतंय. आणि न बोलता काम करतोय म्हणून छाती फुगवून हिंडलो दोघंबी."

मला हसू येत होतं की रडू येत होतं ते सांगता येत नाही. तीनदा देवाच्या पायरीवर, नदीच्या पाण्यावर आणि स्वतःच्या जिवावर शपथा घेतल्या होत्या, तीनदा स्वतःला नामर्द म्हणून घेतलं होतं, आणि सगळं अडलं होतं ते चार मुठी चिपाडांपाशी.

आता एकवीस वर्षं झाली त्याला. बिडी आपोआप सुटली असं कुणी समजू नये. त्या हंगामात तलफेनं मी दोनदा आण्णांच्या घरापर्यंत कट्टा मागायला गेलो आणि दारातनं परत आलो. पण 'गुळासाठी लागते' असं पुन्हा म्हणता आलं नाही, आणि ते म्हणता येईना म्हटल्यावर तलफ नुसती तलफ राहिली. तिच्याशी झुंजता आलं. पाय दोन्ही आहेत. बोटं नऊ आहेत.

त्या दिवशी दगडूला आण्णांनी वाटेतनंच परत पाठवलं. उन्हं कलली होती तेव्हा दिवसाची शेवटची काहील चढली. मळी काढली. फेस गेला, पिवळे फुगे यायला लागले. मी खाली वाकलो.

"गुंडू, वर ये."

"कशाला?"

"नुसता ये."

तो आला आणि पायरीवर बसला. मी काहिलीच्या कडेला उभा. आणि दोघांनाही काही सुचेना. हातांचं काय करावं कळेना. गुंडूनं आधी ते गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांखाली दाबून धरले. अठरा वर्षं आम्ही रोज असे शेजारी असायचो, पण तोंडात बिडी असायची, बोलायची वेळच आली नव्हती. आता तोंड रिकामं होतं आणि बिडीभर वेळ समोर पसरली होती.

गुंडू दोनदा खाकरला.

"केरबा."

"काय?"

"दवाखान्यात... तुला गुंगी दिली हुती न्हवं? काढताना?"

सहा महिन्यांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मला पाठीवर घेऊन जिने चढला होता, डबे पोचवले होते, पण हे विचारलं नव्हतं.

"दिली हुती."

"मग दुखलं नसंल."

"तवा न्हाई. मागनं दुखलं."

"लई?"

"लई, गुंडू."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. काहिलीतले फुगे मोठे आणि सावकाश व्हायला लागले होते. तो उठायला लागला.

"बस आणि जरा," मी म्हटलं. "अजून वेळ हाय."